परसातील घरटे आणि वादळाचा इशारा : हात कोठे लावावा, कोठे लावू नये

कावळ्याने यंदा कोणत्या झाडावर घरटे बांधले, यावरून येणाऱ्या पावसाचा अंदाज बांधण्याची रीत आपल्या खेड्यांत जुनी आहे. आंबा, करंज अशा झाडावर घरटे असेल तर पाऊसपाणी चांगले, बाभळीसारख्या काटेरी झाडावर असेल तर वर्ष ओढाताणीचे. टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस अधिक, सखल जागी घातली तर कमी, असे ठोकताळे वडीलधाऱ्या शेतकऱ्यांच्या तोंडून आजही ऐकू येतात. त्यांवर पेरणीचा निर्णय सोपवावा, असे आज कोणी म्हणणार नाही. मात्र त्यांतून एक गोष्ट निश्चित दिसते. शेतकरी घरट्याकडे बारकाईने पाहत होता.

आता हवामानाचा अंदाज मोबाइलवर येतो. भारतीय हवामानशास्त्र विभाग आणि कृषी विद्यापीठे यांच्या सहकार्याने दर मंगळवारी व शुक्रवारी कृषी हवामान सल्ला प्रसृत होतो, ‘मेघदूत’ ॲपवर तो आपल्या जिल्ह्यापुरता वाचता येतो आणि ‘दामिनी’ ॲप विजेची पूर्वसूचना देते. ही सोय झाली आणि घरट्याकडे पाहण्याची सवय मात्र मागे पडली. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, पूर्वी घरट्यावरून हवामान ओळखण्याचा प्रयत्न होत असे. आता हवामान आधी कळते, तर त्या माहितीचा उपयोग घराजवळच्या घरट्यासाठीही करावा. हा उपयोग कसा करावा, याविषयी मात्र पुष्कळ गैरसमज आहेत आणि सद्भावनेने केलेली घाई अनेकदा वादळापेक्षा अधिक घातक ठरते.

विणीचा काळ आणि वादळाचा काळ

अडचणीचे मूळ दिनदर्शिकेत आहे. दख्खनच्या पठारावरील वळीव आणि गारपीट, बंगाल व आसाममधील कालबैसाखी, उत्तर भारतातील धुळीची वादळे, दोन्ही किनाऱ्यांवर मे महिन्यात येणारी चक्रीवादळे हे सारे बहुतांशी मार्च ते जून या काळात घडते. बुलबुल, शिंजीर, शिंपी, दयाळ, साळुंकी या घराभोवती वावरणाऱ्या पक्ष्यांच्या विणीचा मुख्य काळही हाच. चिमणी आणि होला यांची वीण तर जवळजवळ वर्षभर चालू राहते. सुगरण पावसाच्या तोंडावर विणकाम सुरू करते आणि तिची पिल्ले भर पावसाळ्यात वाढतात.

बुलबुलाचे उदाहरण घेऊ. मादी दोन-तीन अंडी घालते. सुमारे दोन आठवडे उबवण चालते आणि त्यानंतर साधारण तितक्याच दिवसांत पिल्ले घरटे सोडतात. म्हणजे अंडे घातल्यापासून पिल्लू उडेपर्यंतचा काळ जेमतेम एक महिन्याचा. हा महिना आपल्या मनात पक्का बसला पाहिजे, कारण पुढील जवळजवळ प्रत्येक सूचना त्याच्याशी निगडित आहे. कुंपणाची मेंदी छाटणे, परसातील लिंबाचे झाड विरळ करणे, ओसरीला रंग देणे ही कामे एक महिना पुढे ढकलता येतात. पिल्लांना महिना पुढे ढकलता येत नाही.

एक चूक

काही वर्षांपूर्वी माझ्या ओसरीतील दिव्याच्या तारेवर शिंजिराने घरटे केले होते. कोळ्याच्या जाळ्यांनी, पानांच्या चुऱ्याने आणि सालींच्या तुकड्यांनी विणलेली ती लांबट पिशवी, तिच्या बाजूस प्रवेशद्वार आणि त्यावर पुढे आलेली छोटी पडवी. आत दोन पिल्ले होती, अद्याप पिसे न फुटलेली. एका सायंकाळी गारपिटीचा इशारा आला. वारा सुटला तसे घरटे झोके घेऊ लागले आणि माझा धीर सुटला. तार सोडवून मी ते घरटे अलगद आतल्या खोलीत नेऊन टांगले आणि दार लावून घेतले. त्या रात्री गारा पडल्याच नाहीत. अर्धा तास पाऊस झाला, तोही ओसरीपर्यंत पोहोचला नाही. पहाटे घरटे पूर्वीच्या जागी टांगले तेव्हा दोन्ही पिल्ले थंड पडली होती. मादी दोन दिवस त्या तारेवर येऊन बसत होती.

चूक कोठे झाली हे नंतर उमजले. अंड्यातून नुकतीच बाहेर पडलेली पिल्ले स्वतःच्या शरीराचे तापमान राखू शकत नाहीत. रात्री मादी त्यांच्यावर बसते तीच त्यांची ऊब. मी त्यांना वाऱ्यापासून दूर नेले आणि त्याच वेळी आईपासूनही तोडले. खरे तर त्या सायंकाळी करण्याजोगे काम एकच होते : ती सैल तार दोन ठिकाणी आवळून बांधणे. ते मला सुचले नाही.

या अनुभवातून मी स्वतःपुरता एक नियम केला आहे आणि तो आपल्यापुढे विचारार्थ ठेवतो. घरट्याला हात लावू नये. घरटे ज्याच्या आधाराने उभे आहे त्या आधाराला हात द्यावा. वारा आणि पाऊस यांना तोंड देण्याची विद्या पक्ष्यापाशी आहे. सैल तार, लोंबकळणारी कुंडी, उडणारा पत्रा, फिरते मांजर आणि अवेळी चालणारी करवत यांना तोंड देण्याची विद्या त्याच्यापाशी नाही, कारण हे धोके आपण निर्माण केलेले आहेत.

पक्ष्याला काय ठाऊक असते

डॉ. सालिम अली यांनी रायगड जिल्ह्यातील किहीम येथे सुगरण पक्ष्याच्या विणीचा अभ्यास केला आणि १९३० च्या सुमारास तो प्रसिद्ध केला. भारतीय पक्षिशास्त्रात तो पायाभूत मानला जातो. नर घरटे विणतो, मादी अर्धवट विणलेले घरटे पारखून पसंत करते आणि मगच ते पुरे होते. ज्या भागात नैर्ऋत्य मोसमी पाऊस पडतो, तेथे सुगरणीची घरटी बहुधा झाडाच्या पूर्वेकडील बाजूस आढळतात, म्हणजे पावसाच्या माऱ्याच्या आडोशाला. घरट्याच्या आतील बाजूस चिखलाचे गोळे चिकटवलेले असतात; त्यांच्या वजनाने घरटे वाऱ्यात कमी हेलकावते, असा एक तर्क आहे. शिंपी पक्षी जिवंत पाने शिवून त्यांच्या आत घरटे करतो, त्यामुळे वरचे पान छपराचे काम करते. बुलबुलाचे वाटीसारखे घरटे उघडे असले तरी ते दाट पानोळ्यात असते आणि पावसात मादी पंख किंचित पसरून त्यावर बसून राहते.

म्हणून मुसळधार पावसात मादी भिजत बसलेली दिसली की आपला जीव कळवळतो, परंतु ती तेथे आहे तोवर घरटे सुरक्षित आहे. अशा वेळी छत्री घेऊन जवळ गेलो, तर ती उडते आणि पहिल्या दोन-तीन मिनिटांतच पिल्ले ओली होतात. घरट्यावर प्लॅस्टिकचा कागद टाकणे तर सर्वांत वाईट. तो फडफडतो, पक्ष्याची वाट अडवतो आणि ऊन पडताच आत उष्णता कोंडतो.

वादळापूर्वी करावयाची कामे

इशारा प्रत्यक्ष येण्याआधी, मार्चच्या आरंभीच घराभोवती एक फेरी मारावी. कोठे कोणते घरटे आहे, ते कशाच्या आधारावर आहे आणि त्या आधाराला कोणता धोका आहे, एवढे पाहावे. आरसा किंवा मोबाइल लावून वारंवार आत डोकावू नये. कावळा आणि मांजर माणसाच्या येरझारांवरून घरटे शोधतात.

टांगलेल्या कुंडीत किंवा तारेवर घरटे असेल, तर कुंडी वा तार आहे त्याच जागी दोन बाजूंनी ताण देऊन बांधावी, म्हणजे ती हेलकावणार नाही. कोवळ्या रोपावर किंवा वेलीवर घरटे असेल, तर डाळिंबाच्या किंवा टोमॅटोच्या झाडाला देतो तसा बांबूचा आधार द्यावा आणि सुतळी बुंध्याला बांधावी, घरट्याच्या फांदीला नव्हे. जवळपास सुटा पत्रा, शेडनेटचे लोंबते टोक किंवा केबलचे वेटोळे असेल, तर ते आधी आवरावे. पडवीच्या उघड्या बाजूने पाऊस थेट आत येत असेल, तर घरट्यापासून हातभर दूर, वाऱ्याच्या दिशेला गोणपाट बांधता येते. मात्र पक्ष्याचा येण्याजाण्याचा मार्ग मोकळा ठेवावा, काम दिवसाउजेडी काही मिनिटांत उरकावे आणि दूर उभे राहून पाहावे. अर्ध्या तासात पक्षी परतला नाही, तर गोणपाट काढून टाकावे.

चिमणीसाठी लाकडी पेटी लावणाऱ्यांनी तिचे छप्पर उतरते ठेवावे, तळाला पाणी निचरण्यासाठी बारीक भोके पाडावीत, प्रवेशाचे भोक सुमारे ३२ मिलिमीटरचे ठेवावे आणि पेटी भिंतीला पक्की ठोकावी. पेटीचे तोंड कोणीकडे असावे, हे आपल्या प्रदेशाच्या पावसावर ठरवावे. नैर्ऋत्येकडून पाऊस येणाऱ्या कोकणात किंवा मध्य भारतात ते पूर्वेकडे असलेले बरे. तमिळनाडूच्या किनारपट्टीवर मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये ईशान्येकडून येतो. तेथे हा नियम जसाच्या तसा लागू पडणार नाही.

सर्वांत महत्त्वाचे काम छाटणीचे. पावसाळ्यापूर्वी वीजवाहिन्यांखालील फांद्या तोडणे आवश्यकच आहे. घरावर झुकलेली किडकी फांदी उतरवणेही आवश्यक आहे. परंतु ही छाटणी मे महिन्यातच करावी असा दंडक नाही. तीच हिवाळ्यात, वीण सुरू होण्यापूर्वी केली, तर झाडाला नवी पालवी फुटायला अवधी मिळतो आणि घरटीही वाचतात. काम मे महिन्यात करावेच लागले, तर करवत चालवण्यापूर्वी पाच मिनिटे झाडाखाली उभे राहून पाहावे. चोचीत अळी घेऊन पक्षी एकाच फांदीकडे वारंवार जात असेल, तर तेथे पिल्ले आहेत. ती एक फांदी शक्य असल्यास महिनाभर राखावी.

वादळ सुरू झाल्यावर करण्याजोगे काहीही नाही. विजा चमकत असताना झाडाखाली जाणे, ओल्या भिंतीवर शिडी लावणे, तुटलेल्या तारेजवळ फिरणे हे कोणत्याही घरट्यासाठी करू नये.

वादळ ओसरल्यावर

सकाळी अंगणात पिल्लू पडलेले आढळते, तेव्हा प्रथम ते कोणत्या अवस्थेत आहे हे पाहावे. अंगावर पिसे आहेत, डोळे उघडे आहेत, ते टुणटुणत चालते, असे पिल्लू बहुधा घरट्यातून नुकतेच बाहेर पडलेले असते. आईबाप त्याला जमिनीवरही भरवतात. त्याला जवळच्या झुडपाच्या फांदीवर ठेवावे, मांजर व कुत्रे बांधून ठेवावे आणि आपण दूर व्हावे.

पिल्लू उघडेवाघडे असेल, तर ते उचलून पुन्हा घरट्यात ठेवावे. माणसाच्या हाताचा वास लागला की पक्षी पिल्लाला टाकून देतो, ही समजूत खरी नाही. या एका समजुतीपायी अनेक पिल्ले अंगणातच सोडून दिली जातात. घरटेच पडले असेल आणि सावरण्याजोगे असेल, तर ते लहानशा परडीत किंवा नारळाच्या करवंटीत बसवावे, तळाला भोक पाडावे आणि त्याच झाडावर, शक्यतो त्याच जागी पक्के बांधावे. नंतर तासदोन तास दुरून लक्ष ठेवावे. आईबाप भरवू लागले, तर आपले काम संपले.

पिल्लाच्या चोचीत पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते. दूध, पाव, भात देऊ नये. ते घरी पाळण्याचा विचार तर करूच नये. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत, अनुसूचीत समाविष्ट पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणे आणि अंडी वा घरटी विचलित करणे यांचाही समावेश आहे. आईबाप परतले नाहीत किंवा पिल्लू जखमी असेल, तर त्याला हवा खेळती असलेल्या खोक्यात, ऊबदार व अंधाऱ्या जागी ठेवून वन विभागाला कळवावे.

कुक्कुटपालकांनी आणखी एक पथ्य पाळावे. पडलेले किंवा मेलेले जंगली पक्षी उघड्या हाताने हाताळू नयेत आणि कोंबड्यांच्या शेडजवळ नेऊ नयेत. एकाच वेळी अनेक पक्षी मेलेले आढळले आणि वादळ वा गारपीट हे कारण उघड दिसत नसेल, तर पशुसंवर्धन विभागाला त्वरित कळवावे. भारतात बर्ड फ्लूची पहिली नोंद २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाली होती, हे आपण विसरता कामा नये.

दोन गावांचा धडा

हे सारे हौशी पक्षिनिरीक्षकांचे काम आहे, शेतकऱ्याचे नव्हे, असे कोणास वाटल्यास त्याने देशातील दोन शेतकरी वस्त्यांकडे पाहावे.

कर्नाटकातील मंड्या जिल्ह्यात कोक्करे बेळ्ळूर नावाचे गाव आहे. तेथे चित्रबलाक आणि झोळीवाला हे मोठे पक्षी पिढ्यान्‌पिढ्या गावातील चिंच, वड यांसारख्या झाडांवर, घरांच्या अगदी अंगणात वीण करतात. त्यांची विष्ठा खत म्हणून शेतात जाते. उंचावरून पिल्ले पडतात म्हणून झाडांखाली जाळ्या बांधण्याची आणि अनाथ पिल्ले गावातच कुंपणात वाढवून सोडण्याची पद्धत तेथे स्वयंसेवकांनी व ग्रामस्थांनी रूढ केली. २००७ मध्ये या जागेला सामुदायिक राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला.

दुसरे उदाहरण आसाममधील कामरूप जिल्ह्यातील दादरा, पाचरिया आणि सिंगिमारी या गावांचे. हरगीला, म्हणजे मोठा क्षत्रबलाक, तेथे लोकांच्या परसातील उंच झाडांवर घरटी करतो. सडक्या मांसाची दुर्गंधी आणि विष्ठा यांमुळे लोक ती झाडे तोडत असत. जीवशास्त्रज्ञ पूर्णिमादेवी बर्मन यांनी तेथील महिलांना संघटित केले. झाडे तोडणे थांबले, उंचावरून पडणाऱ्या पिल्लांना झेलण्यासाठी झाडांखाली जाळ्या लागल्या आणि पिल्लांच्या आगमनानिमित्त घरोघरी ओटीभरणासारखे सोहळे होऊ लागले. या गावांतील घरट्यांची संख्या २८ वरून २५० च्या वर गेली, अशी नोंद संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२२ मध्ये त्यांना सन्मानित करताना केली. तेथे जाळी झाडाखाली आहे, घरट्यात कोणी हात घालत नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

शेतकऱ्याने हेही करावे काय?

आक्षेप रास्त आहे. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीस आणि मार्चमध्ये महाराष्ट्रात झालेल्या गारपिटीत द्राक्ष, गहू, हरभरा डोळ्यांदेखत गेला. अशा वेळी बुलबुलाच्या घरट्याची चिंता करा, असे सांगणे क्रूर चेष्टा वाटेल. म्हणून क्रम स्पष्ट असावा : आधी माणसे, मग जनावरे, मग काढलेला माल आणि त्यानंतर घरटे. वर सांगितलेली बहुतेक कामे वादळाच्या दिवसाची नसून त्याआधीच्या निवांत दिवसांची आहेत आणि त्यांना सुतळी, बांबू व थोडे लक्ष यांपलीकडे खर्च नाही.

दुसरा आक्षेप असा की, ज्वारी-बाजरीची कणसे टिपणारे पक्षी आपणच का वाचवावेत? पिकाची राखण करण्याचा शेतकऱ्याचा हक्क कोणी नाकारत नाही. परंतु धान्य खाणारी चिमणी आणि सुगरणसुद्धा आपल्या पिल्लांना अळ्या व किडे भरवते. साळुंकी, दयाळ, शिंपी यांचा तर मुख्य आहारच कीटक. माळ्यावर वीण करणारे गव्हाणी घुबड रात्रभर उंदीर टिपते. ज्या हंगामात पिल्ले घरट्यात असतात, त्याच हंगामात हे पक्षी सर्वाधिक किडे गोळा करतात. एकात्मिक कीड व्यवस्थापनात आपण पक्षिथांबे उभारण्याची शिफारस करतो. थांब्यावर बसणारा पक्षी कोठे तरी जन्मलेला असतो, एवढे ध्यानात घेतले तरी पुरे.

विस्तार कार्यकर्त्यांना विनंती

आपण वादळपूर्व सल्ल्यात शेतकऱ्यांना काढलेला माल झाकण्यास, जनावरे गोठ्यात बांधण्यास, फळबागेला आधार देण्यास सांगतो. त्याच सल्ल्याच्या अखेरीस तीन वाक्ये जोडावीत, अशी विनंती आहे : ‘घराजवळील झाडाची फांदी तोडण्यापूर्वी त्यावर घरटे नाही याची खात्री करावी. घरटे असल्यास ते हलवू नये. फांदी, तार किंवा कुंडी आहे त्या जागी पक्की बांधावी.’ गावातील शेतीशाळेत किंवा महिला गटाच्या बैठकीत छाटणीच्या वेळापत्रकाची चर्चा हिवाळ्यातच घडवून आणावी. शाळेतील मुलांना आपल्या घराभोवतीची घरटी दुरून मोजण्यास सांगावे. ती नोंद पुढच्या वर्षी छाटणीच्या वेळी उपयोगी पडेल.

माझ्या ओसरीतील ती तार मी दुसऱ्याच दिवशी दोन खिळ्यांना आवळून बांधली. पुढच्या वर्षी मार्चमध्ये शिंजिराने तिथेच घरटे केले. एप्रिलमध्ये जोराचा वळीव झाला, ओसरीतील खुर्च्या उलटल्या. मी खिडकीतून पाहत राहिलो. घरटे किंचित हलत होते आणि दारात मादीची बाकदार चोच दिसत होती.